एप्रिलचं कर्ज ऑगस्टमध्ये



मागच्या दोन भागांत आपण पीककर्जाबद्दल बोललो. त्यानंतर इंदूर, रायपूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणांहून तुमचे प्रश्न आले. त्यातला एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. शेतकऱ्याला किसान क्रेडिट कार्डावर सात टक्क्यांनी कर्ज मिळतं, वेळेवर फेडलं तर ते चार टक्क्यांनीच पडतं. मोठ्या कंपन्यांच्या तर बँका मागे लागतात. मग गावातली छोटी डाळमिल, मका खरेदी करणारी शेतकऱ्यांची कंपनी, हळद दळून विकणारा बचत गट, यांच्यापाशी येऊनच पैसा का अडतो?

प्रश्न चोख आहे. याच्या उत्तराचा बराचसा भाग मला पुस्तकांतून नाही, माझ्या स्वतःच्या टेबलावरून माहीत आहे. काही वर्षं पैसा अडवणारा माणूस मीच होतो.

२०१७ सालची गोष्ट. मी एका सरकारी बँकेच्या शाखेत कर्जाचं काम पाहत होतो. शाखा बिहारमध्ये, पूर्णियाच्या शेजारच्या जिल्ह्यात. हा सगळा मुलूख मक्याचा. आपल्याकडे मका म्हटलं की पावसाळी पीक डोळ्यांपुढे येतं. तिथे कोसी नदीच्या गाळाच्या जमिनीत तो रब्बीत घेतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, एप्रिल-मेमध्ये काढणी. त्या दिवसांत तिथे गाडीने जाल तर अर्धा रस्ता मक्याने पिवळा झालेला दिसेल, कारण डांबरी रस्ता हेच वाळवणाचं अंगण. पूर्णियाजवळ गुलाबबागला याचा मोठा बाजार आहे. तिथून हा मका रेल्वेने पार दक्षिणेतल्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यांपर्यंत जातो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या चार संचालिका माझ्याकडे आल्या. चारशेच्या वर सभासद, सगळ्या बायका. त्यांचा बेत साधा होता. सभासदांचा मका गावातच इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजायचा, ओलावा मशीनने तपासायचा, त्याप्रमाणे भाव द्यायचा, आणि गोळा झालेला माल थेट कारखान्याला पाठवायचा. आदल्या वर्षी हे थोड्या प्रमाणावर करून पाहिलं होतं. त्याच्या पावत्यांची चोपडी बरोबर आणली होती. आता त्यांना वीस लाखांचं खेळतं भांडवल हवं होतं, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत.

मी चोपडी चाळली, बाजूला ठेवली आणि तारण काय देणार ते विचारलं.

तारण नव्हतं. तिथे जमिनीचा खतियान अनेकदा आजोबांच्या नावावर असतो, दाखिल-खारिज म्हणजे आपल्याकडचा फेरफार झालेला नसतो, आणि बायकांच्या नावावर तर क्वचितच काही असतं. बऱ्याच जणी बटाईने शेती करणाऱ्या. मी तीन वर्षांचे ताळेबंद मागितले, कंपनी जेमतेम दोन वर्षांची होती. प्रस्ताव माझ्या अधिकारात बसणारा नव्हता, म्हणून रिजनल ऑफिसला पाठवला. तिकडून शंका आली, आम्ही उत्तर दिलं. दुसरी शंका आली. गोदामाचा भाडेकरार हवा, मालाचा विमा हवा, संचालकांची वैयक्तिक हमी हवी. यात कोणीही लाच मागितली नाही, कोणीही मुद्दाम उशीर केला नाही. प्रत्येक कागद नियमाप्रमाणे होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मंजुरीचं पत्र आलं, आणि ते मी मोठ्या उत्साहाने स्वतः गाडीवर जाऊन दिलं.

अध्यक्षाबाईंनी पत्र वाचून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, मकई तो गई."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. पण नुसता उशीर झाला असता तरी एक वेळ चाललं असतं. एप्रिलमध्ये आमचे पैसे आले नाहीत तेव्हा त्यांनी बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून आठ लाख उचलले. बिनव्याजी. अट एकच, सगळा माल त्याला घालायचा, त्याच्या काट्यावर, आणि संध्याकाळी तो सांगेल त्या भावाने. म्हणजे व्यापाऱ्याच्या काट्यापासून सुटायला काढलेल्या कंपनीने तो हंगाम त्याच व्यापाऱ्यासाठी खरेदी करण्यात घालवला. सभासद बायकांनी विचारलं, मग फरक काय पडला? पुढच्या पेरणीपर्यंत त्यातल्या शंभरेक जणी कंपनीकडे फिरकेनाशा झाल्या.

आणि आमच्या शाखेत काय झालं? शेतीकर्जाच्या मंजुरीच्या तक्त्यात ते वीस लाख दिमाखात बसले.

आता बिनव्याजी या शब्दाचा हिशोब करू. मका सोयीसाठी क्विंटलला १,२०० रुपये धरा. आठ लाखांत साधारण ६६६ क्विंटल येतो. काट्यात, ओलाव्यात आणि भावात मिळून व्यापाऱ्याने क्विंटलमागे फक्त ५० रुपये काढले तरी ३३ हजार होतात. त्याचा पैसा अडकला तीन आठवडे. आठ लाखांवर तीन आठवड्यांत ३३ हजार म्हणजे चार टक्क्यांहून थोडं जास्त, वर्षाच्या हिशोबात सत्तर टक्क्यांच्या वर. तरीही मी त्या व्यापाऱ्याला खलनायक करणार नाही. त्याने रात्री नऊ वाजता फोनवर होकार दिला आणि सकाळी पैसे पोचवले. कागद एकही मागितला नाही. तो कंपनीला ओळखत होता, मका कुठे उभा आहे हे त्याला माहीत होतं, आणि माल त्याच्याच दारी येणार असल्यामुळे वसुलीची चिंता नव्हती. या तीन गोष्टींपैकी एकही माझ्या अर्जाच्या नमुन्यात नव्हती.

थोडं मागे जाऊ. १९५४ साली गोरवाला समितीचा ग्रामीण कर्जाच्या पाहणीचा अहवाल आला. धनंजयराव गाडगीळ या समितीवर होते. शेतकऱ्याच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा शंभरात एक रुपयाही नव्हता, ०.९ टक्के. सहकारी संस्थांचा ३.१. सावकारांचा मात्र सत्तरच्या आसपास. त्यानंतर देशाने जे केलं ते सगळं या आकड्यांकडे पाहून केलं. सहकारी पतपुरवठा वाढवला, १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या, १९८२ मध्ये नाबार्ड, १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड. बँकांच्या एकूण कर्जातलं १८ टक्के शेतीला गेलंच पाहिजे असा दंडक आला. काम मोठं झालं, ते नाकारायचं कारण नाही. पण हा सगळा पाट शेताच्या बांधापर्यंत आला आणि तिथे थांबला. बी, खत, मजुरी यांसाठी पैसा मिळाला. पीक हातात आल्यावर ते वाळवणं, निवडणं, मोजणं, साठवणं, भरणं, पाठवणं, आणि पैसे येईपर्यंत दम धरणं हे काम ज्याच्याकडे रोकड होती त्याच्याकडेच राहिलं.

हे काम शेतकऱ्यांनी एकत्र येऊन करावं म्हणून २००२ मध्ये कंपनी कायद्यात बदल करून उत्पादक कंपनी हा प्रकार आणला गेला. सहकाराचा आत्मा आणि कंपनीचं शरीर, अशी ती कल्पना. भागधारक फक्त उत्पादकच होऊ शकतात, त्यामुळे बाहेरचा धनवान येऊन कंपनी गिळू शकत नाही. पण त्याच कलमामुळे बाहेरून भागभांडवलही येऊ शकत नाही. पाचशे बायकांनी हजार-हजार रुपये भरले की पाच लाख झाले. सरकारच्या सध्याच्या योजनेत तेवढीच भर मिळते, सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीमागे जास्तीत जास्त १५ लाख. म्हणजे आपल्या उदाहरणात एकूण दहा लाख. बँकेचा माणूस या दहा लाखांकडे बघतो आणि म्हणतो, तुमचं स्वतःचं भांडवलच एवढंसं, तर तीस लाख कसे देऊ? ही गाठ कायद्यातच आहे, संचालिकांच्या हुशारीत किंवा ढिलाईत नाही.

आता वही-पेन घ्या, कारण खरा मुद्दा आकड्यांतच दिसतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

मका क्विंटलला २,००० रुपये. हंगाम दोन महिन्यांचा. कारखाना माल पोचल्यावर तीस दिवसांनी पैसे देतो, म्हणजे एका हंगामात पैसा दोनदा फिरतो. सगळा खर्च जाऊन क्विंटलमागे ६० रुपये उरतात असं धरू. स्वतःच्या दहा लाखांत कंपनी एका वेळी ५०० क्विंटल घेईल, दोन फेऱ्यांत १,०००. हातात ६० हजार. यात वर्षभर मॅनेजरचा पगारसुद्धा निघत नाही.

तीस लाखांचं कर्ज मिळालं तर भांडवल चाळीस लाख, दोन फेऱ्यांत ४,००० क्विंटल, हातात दोन लाख ४० हजार. कर्ज तीन महिन्यांसाठी, दर १२ टक्के, व्याज ९० हजार. उरले दीड लाख. दर १८ टक्के असता तर व्याज एक लाख ३५ हजार आणि उरले एक लाख पाच हजार. म्हणजे १८ टक्क्यांनी घेतलेलं कर्जसुद्धा कर्ज न घेण्यापेक्षा बरं.

आता एकच गोष्ट बदला. कारखान्याने तीसऐवजी साठ दिवसांनी पैसे दिले. पैसा एकदाच फिरला, खरेदी २,००० क्विंटल, हातात एक लाख २० हजार. १२ टक्क्यांनी कर्ज असेल तर ९० हजार जाऊन ३० हजार उरतात. १८ टक्क्यांनी असेल तर पंधरा हजारांचा खड्डा. दर सहा टक्क्यांनी वाढला तेव्हा ४५ हजारांचा फरक पडला होता. गिऱ्हाइकाने पैसे महिनाभर लांबवले तेव्हा एक लाख २० हजारांचा पडला. आणि चार टक्क्यांचं कर्ज ऑगस्टमध्ये आलं तर? स्वतःच्या दहा लाखांचे ६० हजार, बस.

आपल्याकडे चर्चा सगळी व्याजदराची होते. निवडणुकीतही तीच, बातम्यांतही तीच. छोट्या शेतमाल धंद्याच्या बाबतीत पैसा कधी येतो आणि गिऱ्हाईक कधी देतो हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

दूधधंदा याचमुळे वेगळा आहे. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यात सुरू झालेली आणंदची पद्धत आठवा. रोज दोन वेळा दूध येतं, तिथेच फॅट मोजलं जातं, ठराविक दिवसांनी पैसे जमा होतात. बँकेला म्हशीचं कर्ज द्यायला भीती वाटत नाही, कारण हप्ता दुधाच्या बिलातून कापून घेता येतो. मका, हळद, लिची यांचं तसं नाही. लिची तर मुझफ्फरपूरला मे-जूनच्या काही आठवड्यांत येते आणि जाते. अशा धंद्याला आठवड्याला हप्ता मागणारं सूक्ष्मकर्जही कामाचं नाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्मकर्जाचं जे संकट झालं त्याला इतरही कारणं होती, एकाच घरात चार-चार कंपन्यांची कर्जं, वसुलीची दांडगाई. पण सहा महिन्यांनी येणाऱ्या पिकावर दर सोमवारी हप्ता, हे गणित मुळातच जुळणारं नव्हतं.

मग जमिनीऐवजी तारण काय? एक उत्तर आपल्या मराठी माणसाला फार जुनं माहीत आहे: माल. सहकारी साखर कारखाने पोत्यांवर बँकेकडून उचल घेतात ते मालतारणच. महाराष्ट्राच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल, सहा टक्के व्याज, सहा महिने मुदत. देशपातळीवर २००७ मध्ये गोदामांसाठी कायदा झाला आणि नोंदणीकृत गोदामाची पावती हाच हस्तांतर करता येणारा दस्तऐवज ठरला. आता ही पावती इलेक्ट्रॉनिक असते, त्यामुळे एकाच मालावर दोन बँकांतून पैसे उचलण्याची जुनी हातचलाखी अवघड झाली. अशा पावतीवर कर्ज देणाऱ्या बँकांना धीर यावा म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने १,००० कोटींची हमी योजनाही आणली.

यातली एक गंमत सांगतो. कंपनीकडे दहा लाख आहेत. त्यांचा मका घेतला, गोदामात ठेवला, ७० टक्के उचल मिळाली, सात लाख. त्याचा मका घेतला, पुन्हा ठेवला, ४ लाख ९० हजार. त्याचाही घेतला, ३ लाख ४३ हजार. चार खरेद्यांत दहा लाखांचे पंचवीस लाख झाले, एकही गुंठा गहाण न टाकता. पण प्रत्येक उचल दोन दिवसांत मिळाली तरच. पंधरा दिवस लागले तर चौथी खरेदी होईपर्यंत शेतात फक्त धाटं. पुन्हा तेच, वेळ.

आणि मालतारण म्हणजे जादू नव्हे. गोदाम १४ टक्क्यांपेक्षा ओला मका घ्यायला कां-कूं करतं, तो वाळवायचा तर ड्रायर हवा, म्हणजे आधी मुदत कर्ज. २,००० च्या क्विंटलवर १,४०० उचलले, तीन महिने ठेवले, नऊ टक्क्यांनी व्याज साडेएकतीस रुपये. भाडं, विमा, घट मिळून महिन्याला दहा धरले तर तीस. भाव साठ-पासष्ट रुपयांनी वाढला नाही तर ठेवण्यात नुकसान. बाजार चढेलच असं सांगणाऱ्या सल्लागाराला मी नेहमी विचारतो, तुमचे स्वतःचे किती क्विंटल ठेवलेत? भाव उतरला तर बँक आणखी पैसे भरायला सांगते, तेही आधी माहीत असावं.

दुसरं उत्तर येणारा पैसा हेच तारण मानण्याचं. याची चांगली उदाहरणं बाहेरच्या देशांत आहेत. रूट कॅपिटल नावाची एक संस्था १९९९ पासून लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेतल्या कॉफी पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्ज देते. जमीन मागत नाही, परदेशी खरेदीदाराशी झालेला करार मागते. करार तिघांचा होतो. माल पोचला की खरेदीदार पैसे सहकारी संस्थेला न देता आधी कर्ज देणाऱ्याला देतो, तो आपलं मुद्दल-व्याज काढून उरलेलं पुढे पाठवतो. नीट पाहिलं तर आमच्या व्यापाऱ्याची युक्तीच ही, फक्त काटा त्याच्या हातात नाही.

ब्राझीलने १९९४ मध्ये याहून पुढची गोष्ट केली. तिथे कायद्याने एक दस्तऐवज तयार केला, त्याचं लघुनाम सीपीआर. शेतकरी किंवा त्यांची संस्था लिहून देते की अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, इतका सोयाबीन देईन. त्या कागदावर खतवाला खत देतो, व्यापारी किंवा बँक पैसे देते, आणि तो कागद पुढे दुसऱ्याला विकताही येतो. उभं पीक असं कागदावर आलं. अडचण त्यांनाही आलीच. २००३-०४ च्या सुमारास सोयाबीनचा भाव एकदम चढला, तेव्हा गोयास राज्यात अनेक शेतकऱ्यांनी जुन्या भावाने माल द्यायला नकार दिला आणि प्रकरणं कोर्टात गेली. भाव चढला की सभासद कंपनीला डावलून बाहेर विकतो, ही आपल्याकडचीही रोजची डोकेदुखी. म्हणून करारात भाव ठोकून बसवण्यापेक्षा त्या दिवसाच्या बाजारभावाशी बांधलेला बरा, असं माझं मत झालं आहे. सभासदाला फसल्यासारखं वाटत नाही आणि बँकेला प्रमाण कळतं.

बँकेची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी माझ्याच जुन्या सहकाऱ्यांवर अन्याय करीन. वीस लाखांच्या फाइलला दोन कोटींच्या फाइलइतकंच काम लागतं. तीच पाहणी, तेच वकिलांचं मत, तोच वार्षिक आढावा. वीस लाखांवर तीन महिन्यांत बँकेला तीन टक्के फरकाने पंधरा हजार सुटतात. खातं बुडालं तर मात्र सही करणाऱ्याची चौकशी लागते. कर्ज दिलं नाही म्हणून कोणाची चौकशी झालेली मी तीस वर्षांत पाहिली नाही. हमी योजना यासाठीच आहेत. २०२० मध्ये आलेल्या दहा हजार उत्पादक कंपन्यांच्या योजनेत एक कोटीपर्यंतच्या प्रकल्प कर्जाला ८५ टक्के हमी आहे, एक ते दोन कोटींना ७५ टक्के. ड्रायर, गोदाम, प्रतवारीचं यंत्र यांसाठी कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत सात वर्षं मिळते. घरगुती प्रक्रिया उद्योगांना केंद्राच्याच सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान. पण बघा, यात यंत्र आणि इमारत यांचा विचार जास्त आहे. म्हणून देशात ठिकठिकाणी चकचकीत यंत्रं बंद पडलेली दिसतात. यंत्र आलं, त्यात घालायला माल घेण्याचे पैसे नाहीत.

खेळत्या भांडवलासाठी नाबार्डची नॅबकिसान आणि समुन्नतीसारख्या काही वित्तसंस्था बँकांपेक्षा लवकर उभ्या राहतात. दर जास्त असतो. पण मघाचं गणित आठवा.

पूर्णियातच 'आरण्यक' नावाची महिलांची उत्पादक कंपनी मक्याचा व्यापार करते, जीविका या राज्य सरकारच्या उपक्रमाच्या पाठबळावर ती उभी राहिली. गुलाबबागच्या इतक्या जवळ बायकांनी काटा हातात घेणं ही लहान गोष्ट नाही. मी तिचा उल्लेख अशासाठी करतो की हे होत नाही असं कोणी म्हणू नये.

तुमच्यापैकी जे अशा कंपन्यांत संचालक आहात त्यांच्यासाठी एवढंच. बँकेत जायचं ते काढणीच्या आधी नाही, पेरणीच्या वेळी. जाताना कोणत्या आठवड्यात किती माल येणार, किती पैसे बाहेर जाणार, कधी परत येणार असा आठवडावार कागद न्या, एका पानाचा. गिऱ्हाइकाचं पत्र न्या की पैसे याच बँकेतल्या खात्यात भरू. मागच्या हंगामाच्या पावत्या न्या. आणि अधिकाऱ्याने त्या बाजूला ठेवल्या तर पुन्हा त्याच्या पुढ्यात सरकवा.

त्या वीस लाखांचं पुढे काय झालं ते सांगतो. ती कॅश क्रेडिटची मर्यादा वर्षभरासाठी होती, म्हणजे पुढचा हंगाम तिच्यात बसत होता. पण डिसेंबरमध्ये तपासणी आली आणि शेरा पडला: मंजुरीपासून खात्यावर एकही व्यवहार नाही, गरज दिसत नाही, मर्यादा रद्द का करू नये याचा खुलासा करावा. मी खुलाशात एकच ओळ लिहिली की मका एप्रिलमध्ये येतो. मग वरिष्ठांना ती उर्मट वाटेल म्हणून दुसऱ्या कागदावर पानभर लिहिली, सोबत संचालिकांची ती पावत्यांची चोपडी जोडली आणि कोंबडीखाद्याच्या एका कारखान्याचं पत्रही. मर्यादा रद्द झाली नाही, वीसाची बारा लाख झाली. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पहिला चेक लिहिला तेव्हा सहीची जागा मला दाखवून खात्री करून घेतली. गेलेल्या शंभरांपैकी साठेक जणी त्या हंगामात परत आल्या, बाकीच्या नाही आल्या. जूनमध्ये माझी बदली झाली.